पट्टी जिथे संपते : पिकअपची चासी आणि टोचनाचा भार

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागण्यापूर्वी ट्रकची खालची बाजू एकदा नीट धुऊन घ्यावी म्हणून मी मागची चाके रॅम्पवर चढवली. पाण्याचा फवारा मारत असताना उजव्या लाँग मेंबरवर, म्हणजे चासीच्या उजव्या बाजूने पुढून मागे जाणाऱ्या लांब तुळईवर, गंजाची एक बारीक, सरळ, उभी रेघ दिसली. गंज सहसा अशी रेघ ओढून येत नाही. तो डागासारखा पसरतो किंवा पापुद्रे धरतो. तारेच्या ब्रशने ती जागा घासून काढल्यावर रेघेचा अर्थ कळला. रिसीव्हरच्या, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी चासीच्या मागच्या टोकाला बसवलेल्या चौकटीच्या, सर्वांत पुढच्या बोल्टपासून बोटभर पुढे, आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी वेल्डिंग करून बसवलेल्या एका जाड पट्टीच्या कडेला लागून, साधारण ४५ मिलिमीटर लांबीची चीर पडलेली होती. आदल्याच आठवड्यात मी याच रिसीव्हरला ट्रेलर जोडून ट्रॅक्टर आणला होता, आणि त्या रस्त्यावर माझ्या मागे एक शाळेची बस बराच वेळ होती. ही गोष्ट आठवल्यावर मी हातातले काम थांबवले आणि तो ट्रक दुरुस्त होईपर्यंत त्याला काहीही जोडायचे नाही असे ठरवले.

आम्ही लान्सिंग शहराच्या बाहेर राहतो. तीन एकर जागा आहे, तिच्यावर एक छोटा ट्रॅक्टर आहे आणि तो इकडून तिकडे न्यायला दोन आसांचा सपाट ट्रेलर आहे. ट्रेलर, ट्रॅक्टर, पुढचा लोडर आणि एखादे अवजार असे सगळे मिळून वजन ३,४०० किलोच्या आसपास जाते. ट्रक २००३ सालचा, इथे ज्याला ‘पाऊण टनी’ म्हणतात त्या वर्गातला आहे. ट्रेलर ओढण्याची त्याची कमाल मर्यादा सुमारे ४,५०० किलो आहे. म्हणजे कागदावर पाहिले तर आम्ही मर्यादेच्या बरेच आत होतो, आणि तरीही चासी चिरली होती. तसे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय हातात वेल्डिंगचा होल्डर धरायचा नाही एवढे मला माझ्या वडिलांनी शिकवले आहे.

आण्णांचे कोल्हापुरात फॅब्रिकेशनचे दुकान होते. उसाचा हंगाम सुरू होण्याच्या आधीचा महिना म्हणजे त्यांच्या दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग लागण्याचा काळ. कुणाच्या ट्रॉलीची दांडी वाकलेली, कुणाच्या हुकाचे भोक लांबट झालेले, कुणाची चासी पाट्याच्या हँगरजवळ तडकलेली. ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या लावून, साखर कारखान्याच्या वाटेवरच्या खड्ड्यांतून ऊस ओढताना लोखंडाचे काय होते, हे मी शाळेत असतानाच पाहिले आहे. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ती चीर दाखवली. मोबाइल जवळ नेऊन त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “ही चासी वजनानं तुटली न्हाई. ही पट्टीनं तुटली. पट्टी जिथं संपती, तिथंच चासी तुटती, बघ.”

त्यांचे हे एक वाक्य मला पुढचे तीन आठवडे पुरले, कारण प्रत्येक हिशेब करून पाहिल्यावर मी फिरून त्याच वाक्यापाशी येत होतो.

हिशेब तसा साधा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग त्याच्या दांडीतून ट्रकच्या हिचवर (ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीवर) खाली दाबणारा असावा लागतो; तो त्याहून बराच कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो. आमच्या बाबतीत हा दाब सुमारे ४०० किलो येतो. आता हिचचा गोळा, ज्यावर ट्रेलरची दांडी बसते, मागच्या आसाच्या दीड मीटर मागे आहे आणि दोन आसांमधले अंतर सुमारे ३.६ मीटर आहे. मागचा आस हा टेकू आणि ट्रक ही तरफ मानली, तर गोळ्यावरच्या ४०० किलोमुळे मागच्या आसावर ४०० नव्हे, तर सुमारे ५६७ किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरून सुमारे १६७ किलो भार उचलला जातो. स्टिअरिंग हलके लागते, पुढचे ब्रेक रस्ता कमी पकडतात आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतात, याचे कारण हे आहे. ट्रकची मागची बाजू खाली बसली की पुष्कळ लोक आधी पाट्यांत एखादे पान वाढवतात किंवा हवेच्या पिशव्या बसवतात. त्याने मागची बाजू वर येते, परंतु पुढच्या आसावरून गेलेले १६७ किलो परत येत नाहीत.

चासीच्या दृष्टीने मागच्या पाट्याच्या शॅकलचा हँगर, म्हणजे पाट्याचे मागचे टोक चासीला टांगणारा कंस, ही कळीची जागा आहे. तिथून मागे लाँग मेंबर अधांतरी बाहेर आलेला असतो आणि त्याच्या टोकाला रिसीव्हर लटकलेला असतो. माझ्या ट्रकचा लाँग मेंबर मागच्या भागात उघड्या चॅनेलचा, म्हणजे एक बाजू मोकळी असलेल्या तीन बाजूंच्या पन्हळीसारखा, आहे. उंची १९० मिलिमीटर, काठांची रुंदी ६५, जाडी ४.८. गोळ्यापासून हँगरपर्यंतचे अंतर पाऊण मीटर धरले आणि ४०० किलोचा भार दोन्ही मेंबरांत वाटला, तर गाडी उभी असताना हँगरजवळ चॅनेलच्या काठावर येणारा ताण दर चौरस मिलिमीटरला अवघा १८ न्यूटन निघतो. खड्ड्यांमुळे तो तिप्पट होतो असे धरले तरी ५४. साध्यातल्या साध्या पोलादालाही कायमचे वाकायला २५० च्या आसपास ताण लागतो. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी दोनदा तपासून पाहिला, कारण आकडे म्हणत होते की ही चासी या भाराखाली वाकणे तर सोडाच, तिला तो भार जाणवायलाही नको.

पण लोखंड दोन प्रकारे मोडते. एका मोठ्या भाराने मोडणे हा एक प्रकार. लहान भाराने लाखो वेळा हलवल्यावर थकून चिरणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात पोलाद किती कणखर आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. जोड कसा आहे, त्याचा आकार कुठे अचानक बदलतो, वेल्डिंगचे टोक कुठे आहे, यांवर सगळे अवलंबून असते. पुलांसाठी आणि पोलादी बांधकामांसाठी असलेल्या युरोपीय मानकात, तुळईवर वेल्डिंग करून बसवलेल्या जादा पट्टीच्या टोकाला २० लाख आवर्तनांसाठी जो ताणाचा चढउतार गृहीत धरतात, तो पट्टी आणि तुळईच्या जाडीनुसार दर चौरस मिलिमीटरला केवळ ३६ ते ५६ न्यूटन एवढा आहे. पोलाद महाग आणि कणखर वापरले म्हणून तो वाढत नाही. माझ्या ट्रकच्या हँगरजवळचे ५४ आणि मानकातले हे ३६ ते ५६ शेजारी शेजारी लिहिल्यावर आण्णांचे म्हणणे आकड्यांत माझ्यासमोर उभे राहिले.

जुनी पट्टी कुणी बसवली हे मला ठाऊक नाही आणि त्या माणसाचा हेतू चांगलाच असणार. मात्र त्याने जे केले ते तपशिलाने सांगायला हवे, कारण असे काम मी नंतर आणखी तीन-चार ट्रकांखाली वाकून पाहिले आणि बहुतेक ठिकाणी तेच दिसले. पट्टी ८ मिलिमीटर जाड होती, म्हणजे खुद्द चॅनेलच्या दीडपटीहून जास्त. तिची दोन्ही टोके काटकोनात कापलेली होती. ती चारही बाजूंनी सलग वेल्डिंग करून बसवली होती, आणि टोकांना हे वेल्डिंग वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत चॅनेलच्या आडवे गेले होते. ४.८ मिलिमीटरचा लवचीक चॅनेल पुढून येतो आणि एका रेघेवर एकदम १२.८ मिलिमीटरचा ताठ ठोकळा होतो. चासी प्रत्येक खड्ड्यात थोडी वाकते, आणि ती वाकायला हवी. पण आता ती सगळी वाकण्याची हालचाल त्या एका रेघेवर येऊन थांबते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा पोत जिथे बदललेला असतो तो अरुंद पट्टा नेमका तिथेच असतो. चीर त्या पट्ट्यातूनच गेली होती, जणू कुणी फूटपट्टी लावून आखली असावी.

त्यात मिठाची भर. डेट्रॉइट शहराच्या खाली, सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर, मिठाची प्रचंड खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला या भागात मीठ हात राखून वापरले जात नाही. त्यासोबत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावणही फवारतात. ते हवेतली आर्द्रता ओढून घेते, त्यामुळे चासीच्या सांध्यांत शिरले की तापमान वाढल्यावरही ओले राहते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून बसवलेली कोणतीही पट्टी ही अशा द्रावणाला साठवून ठेवणारी खाचच असते. जुनी पट्टी ग्राइंडरने काढल्यावर तिच्याखालून मूठभर तपकिरी पापुद्रे निघाले. अल्ट्रासॉनिक जाडीमापक भाड्याने आणून मी दोन्ही मेंबरांची हाताच्या वितीएवढ्या अंतरावर मोजणी केली. बहुतेक ठिकाणी ४.८ पैकी ४.१ ते ४.५ मिलिमीटर शिल्लक होते. पट्टीखालच्या सर्वांत वाईट खड्ड्यात ३.१. ही मोजणी केल्यावाचून पट्टी मारायला घेणे म्हणजे भिंत पोकळ आहे की भरीव हे न पाहता तिला गिलावा करण्यासारखे झाले असते. मागच्या भागात भोके पडली असती किंवा जाडी निम्म्यावर आली असती, तर मी दुरुस्तीचा विचार सोडून तो भाग कापून नवा जोडण्यासाठी चासीचे काम करणाऱ्या मोठ्या दुकानात ट्रक नेला असता.

मजबुती करायची तर ती कशी, यासाठी मी तीन पर्यायांचा हिशेब मांडला. या प्रश्नाची उत्तरे लोक आत्मविश्वासाने देतात आणि ती बहुधा अपुरी असतात.

पहिला पर्याय म्हणजे उघड्या चॅनेलची चौथी बाजू पट्टीने बंद करून त्याची पेटी बनवणे. पिळाच्या दृष्टीने याचा परिणाम थक्क करणारा आहे. माझ्या मापांचा उघडा चॅनेल आणि त्याच जाडीची बंद पेटी यांची तुलना केली, तर पेटीचा पिळाला होणारा विरोध साडेचारशे पटींहून अधिक निघतो. आणि नेमके याच कारणाने मी तो पर्याय सोडला. मागचा एक मीटर भाग पेटीचा केला आणि त्याच्या पुढे उघडा चॅनेल तसाच ठेवला, तर खडबडीत रस्त्यावर चासीला पडणारा सगळा पीळ त्या उघड्या भागाला सोसावा लागणार आणि पेटी जिथे संपते तिथे पुढची चीर पडणार. संपूर्ण चासीच पेटीची असलेले ट्रक कारखान्यात तसे आखलेले असतात. त्यांचे पाटे, रबरी बुशिंग, हौद्याचे बांधबोल्ट हे सगळे त्या ताठपणाला जुळवलेले असते. शिवाय बंद पेटीच्या आत रंग पोहोचत नाही आणि मिठाचे पाणी पोहोचते.

दुसरा पर्याय म्हणजे चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या आडव्या काठांवर पट्ट्या बसवणे. वाकण्याच्या हिशेबाने धातू वापरण्याची हीच सर्वांत योग्य जागा आहे, कारण तुळईच्या मध्यापासून धातू जितका दूर, तितके त्याचे काम वर्गाच्या प्रमाणात वाढते. जेवढे लोखंड मी शेवटी वापरले, तेवढेच दोन्ही काठांवर वाटून लावले असते तर वाकण्याचा ताठपणा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला असता. पण सर्वांत जास्त ताणही त्याच काठांवर असतो, आणि तिथे वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे म्हणजे जिथे थकवा सर्वांत लवकर येतो तिथेच त्याला जागा करून देणे. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या हौदा आणि इतर बांधणी करणाऱ्यांसाठी ज्या मार्गदर्शिका काढतात, त्यांत काठांना हात लावू नये असे स्पष्ट बजावलेले असते. ज्याला चासीवर काम करायचे आहे त्याने आपल्या ट्रकची अशी मार्गदर्शिका आधी मिळवून वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

उरला तिसरा पर्याय : उभ्या बाजूवर, काठांपासून अंतर राखून, चॅनेलच्याच जाडीची पट्टी. मी ४.८ मिलिमीटर जाड आणि १४० मिलिमीटर उंच पट्टी निवडली. तिने त्या भागात जवळजवळ ४५ टक्के जास्त लोखंड येते, पण वाकण्याचा ताठपणा वाढतो केवळ १४ टक्क्यांनी. हा आकडा निराशाजनक वाटेल. मला मात्र तो समाधानाचा वाटला, कारण मला चासी ताठ करायचीच नव्हती. गंजाने खाल्लेली जाडी भरून काढणे, रिसीव्हरच्या बोल्टांना दुप्पट जाडीचा आधार देणे आणि चिरलेल्या जागेवरून भार अलगद पुढे पोहोचवणे, एवढेच त्या पट्टीकडून हवे होते.

प्रत्यक्ष काम नोव्हेंबरच्या दोन शनिवार-रविवारी झाले. आमच्या शेजारी एक निवृत्त वेल्डर राहतात, वयाने आण्णांच्याच बरोबरीचे. त्यांनी पहिल्या दिवसापासून सोबत केली आणि चासीच्या मुख्य भेगेचे वेल्डिंग त्यांच्याच हातचे आहे. मला वेल्डिंग येते, पण डोके वाकवून, अरुंद जागेत, ज्या जोडावर माणसांचे जीव अवलंबून आहेत असा जोड भरण्याइतका माझा हात बसलेला नाही, आणि हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटला नाही. आधी हौद्याचे बोल्ट सोडून हौदा उचलून बाजूला ठेवला, कारण ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि दिव्यांच्या तारा त्याच चॅनेलच्या आतून जातात. त्या सगळ्या मोकळ्या करून दूर बांधल्या, बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या आणि वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेपासून हातभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावला.

चीर डोळ्यांना दिसते तिथे संपत नाही. तांबडे भेदक रंगद्रव्य फवारून, पुसून, वर पांढरी भुकटी मारल्यावर ४५ मिलिमीटरची चीर प्रत्यक्षात ६० मिलिमीटरची निघाली. तिच्या खऱ्या टोकांवर ६ मिलिमीटरची भोके पाडली, म्हणजे टोकाची तीक्ष्णता नाहीशी होऊन चीर पुढे सरकायची थांबते. मग तिची पूर्ण लांबी ग्राइंडरने व्ही आकारात उघडून, आरपार वितळेल अशी भरली आणि दोन्ही बाजूंनी घासून चॅनेलच्या पृष्ठभागाशी सपाट केली. पुन्हा रंगद्रव्य मारून पाहिले तेव्हा पांढऱ्या भुकटीवर कुठेही तांबडी रेघ उमटली नाही.

वेल्डिंगच्या रॉडबद्दल सांगायला हवे. आण्णांच्या दुकानात, आणि आपल्याकडच्या बहुतेक फॅब्रिकेशनच्या दुकानांत, ६०१३ रॉड चालतो. तो सहज पेटतो, नीटस दिसतो, गेट आणि ग्रिलसाठी उत्तम आहे. चासीसाठी आम्ही ७०१८ वापरला. पहिले दोन आकडे वेल्डिंगच्या धातूची ताकद सांगतात, ६० ऐवजी ७० हजार पाउंड दर चौरस इंचाला. पण खरा फरक ताकदीचा नसून हायड्रोजनचा आहे. ७०१८ चे आवरण कमी हायड्रोजन सोडणारे असते आणि त्यामुळे थंड झाल्यावर जोडाच्या कडेने केसासारख्या भेगा पडण्याची शक्यता बरीच घटते. अट एवढीच की रॉड कोरडे हवेत. शेजारच्या काकांनी ते आपल्या रॉडच्या भट्टीत १२० अंशांवर ठेवले होते आणि एका वेळी चारपाचच बाहेर काढत होते. दमट हवेत दिवसभर उघड्या राहिलेल्या पुड्यातला ७०१८ वापरायचा असेल तर तो निवडण्याचा हेतूच संपतो.

नव्या पट्ट्या चॅनेलच्या आतल्या बाजूने बसवल्या, दोन्ही मेंबरांना, प्रत्येकी ७०० मिलिमीटर लांब. मागचे टोक चासीच्या मोकळ्या टोकाशी जुळवले, कारण तिथे वाकण्याचा ताण जवळपास नसतोच. पुढचे टोक शॅकलच्या हँगरच्या पुढे २०० मिलिमीटर नेले, म्हणजे हँगरचे रिव्हेट आणि पट्टीचा शेवट एका रेघेवर येत नाहीत. ते टोक भाल्याच्या पात्यासारखे निमुळते कापले. असे केल्याने चॅनेलची जाडी एकदम वाढत नाही, वितभर अंतरात हळूहळू वाढत जाते, आणि चॅनेलच्या आडवी जाणारी उभी वेल्डिंगची रेघ कुठेही उरत नाही. वेल्डिंग फक्त वरच्या आणि खालच्या लांब कडांना केले, तेही ४० मिलिमीटरचे तुकडे सोडून सोडून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, हात ठेवता येईल इतके थंड होऊ देऊन. पात्याचे टोक वेल्डिंगशिवाय मोकळे ठेवले. पट्टीच्या मध्यरेषेवर १६ मिलिमीटरची चार भोके पाडून ती वेल्डिंगने भरली. मध्यरेषेवर वाकण्याचा ताण शून्याच्या जवळ असतो, म्हणून असे ठिपके टाकायला तीच सुरक्षित जागा. सुरुवातीला आणि शेवटी चासीचे कर्ण टेपने मोजले. फरक २ मिलिमीटरचा आला आणि काकांनी तो मान्य केला.

जुन्या रिसीव्हरच्या बोल्टांची भोके लांबट झाली होती, म्हणून रिसीव्हरही नवा घेतला आणि तो वेल्डिंग न करता बोल्टांनीच बसवला. बोल्ट अर्ध्या इंचाचे, डोक्यावर सहा रेघा असलेले ग्रेड ८ चे. अशा जोडात बोल्ट स्वतः कात्रीसारखा भार घेत नाही. तो दोन पृष्ठभाग इतके आवळतो की त्यांच्यातल्या घर्षणावर भार पेलला जातो. म्हणून सांध्यामधला जाड रंग आणि गंजाचे पापुद्रे पूर्ण काढावे लागतात, नाहीतर रंगाचा थर काही दिवसांत दबतो आणि बोल्ट न फिरताही सैल होतो. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळला, डोक्यापासून चासीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली, आणि पहिल्या ८० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासले. दोन बोल्ट आणखी किंचित आवळले गेले.

पुढच्या आसाचे गेलेले १६७ किलो परत आणण्यासाठी भारवाटप करणारा हिच घेतला. त्याचे दोन स्प्रिंगदांडे ट्रेलरच्या दांडीला साखळ्यांनी ताणून ट्रकची मागची बाजू वर उचलतात. तो उपयोगी आहे, पण त्याची किंमत चासीला मोजावी लागते. आमच्या मापांनुसार पुढचा भार पूर्ण परत आणायचा तर रिसीव्हरच्या नळीला सुमारे ६०० किलोग्रॅम-मीटरचा पीळ सोसावा लागतो, आणि तो अखेर त्याच सहा बोल्टांतून दोन्ही मेंबरांत उतरतो. म्हणून दांडे मी एवढेच ताणतो की गेलेल्या भारापैकी निम्मा परत यावा. मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्यापूर्वी आणि जोडल्यावर मोजली की तो अंदाज नेमका घेता येतो.

आता हौदा पुन्हा बसला आहे आणि ज्यांनी ज्यांनी काम पाहिले त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, की आता किती ओढेल. उत्तर : ४,५०० किलोच, आणि एक किलोही जास्त नाही. ट्रेलर ओढण्याची मर्यादा एकट्या चासीच्या ताकदीवर ठरत नाही. अमेरिकेत आता पिकअपची ही मर्यादा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकाप्रमाणे ठरवतात. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ उन्हाळ्याच्या उष्णतेत, एसी पूर्ण चालू ठेवून, एकेरी मागच्या चाकांच्या ट्रकने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता चढून दाखवावा लागतो. १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघावे लागते. ब्रेक आणि ट्रेलरच्या डोलण्याच्या चाचण्या वेगळ्या. म्हणजे रेडिएटर, गिअरबॉक्सचे तेल, मागचा आस, टायर, ब्रेक हे सगळे त्या एका आकड्यात सामावलेले असतात. आमचा ट्रक या मानकाच्या आधीचा असला तरी तर्क तोच आहे. चासीला मी पट्टी मारली म्हणून ब्रेकचे पॅड मोठे होत नाहीत. शिवाय गोळा, त्याची दांडी, रिसीव्हर, ट्रेलरचा कपलर (गोळ्यावर बसणारी टोपी), साखळ्या या प्रत्येकावर आपापली मर्यादा कोरलेली असते आणि त्यांतली सर्वांत लहान तीच सगळ्यांची मर्यादा ठरते. रिसीव्हरवर मोठा आकडा पाहून गोळ्यावरचा छोटा आकडा न वाचणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांना मी प्रत्येक वेळी थांबवून तो वाचायला लावतो.

ज्याला खरोखर याहून जड ओढायचे आहे त्याने मागच्या बाजूला लोखंड वाढवत बसण्याऐवजी भाराची जागाच बदलावी. हौद्याच्या तळात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे गोळा बसवणारा गूजनेक हिच याच कामासाठी आहे. भार आसावरच आला की दीड मीटरची तरफच उरत नाही, पुढचा आस उचलला जात नाही, आणि ट्रेलरच्या वजनाच्या २० टक्के दाबही चासी निमूट सोसते. अर्थात तो दाब हौद्यात टाकलेल्या मालाइतकाच खरा असतो, म्हणून दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावरची माल वाहण्याची मर्यादा तिथे आधी संपते. आमच्या ट्रॅक्टरला त्याची गरज नाही.

पट्ट्यांच्या सर्व कडा, मोकळ्या ठेवलेल्या टोकांसह, सीलंटने बंद केल्या. त्यावर जस्ताचा प्रायमर, मग रंग, मग चॅनेलच्या आत लॅनोलिनचे (लोकरीतल्या चरबीचे) तेल. हिवाळाभर ट्रक मिठात चालला आणि दर दोन आठवड्यांनी मी चासी खालून धुतली. एप्रिलमध्ये पुन्हा रॅम्पवर चढवून, पट्टीच्या चारही टोकांभोवतीचा रंग काढून, रंगद्रव्य मारून पाहिले. तांबडी रेघ नव्हती. बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा जिथल्या तिथे जुळलेल्या होत्या. डाव्या शॅकलच्या हँगरचा एक रिव्हेट मात्र हातोडीने वाजवल्यावर बाकीच्यांसारखा खणखणीत वाजला नाही. त्याच्या जागी बोल्ट घालायचा आहे, आणि तो घालेपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्येच राहील, असे मी आण्णांना कळवले आहे.